अडतीस मिलिमीटरची जाळी : कोळशावरच्या छोट्या इंजिनाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

तांबं आलं. बॉयलरच्या पिंपासाठी अडीच इंची नळा, फायरबॉक्ससाठी, म्हणजे आगीच्या पेटीसाठी, दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा. सांगाडा, चाकं आणि सिलिंडर तयार होऊन बसले आहेत, म्हणजे आता खरं काम. या वहीत बॉयलर आणि आग यांच्याच नोंदी ठेवणार आहे.

ज्याची छोटी प्रतिकृती करतोय ते इंजिन म्हणजे ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. स्टॅफर्डशरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वेसाठी लीड्सच्या किटसन कंपनीने १९०४ साली दोन टाकीवाली इंजिनं बांधली, चाकांची रचना २-६-४. त्यातलं हे पहिलं; दुसऱ्याचं नाव ‘जे. बी. अर्ल’. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, आठ मैलांहून थोडी जास्त, अशी ती अडीच फुटी लाइन. दूध वाहायची, उन्हाळ्यात सहलीची माणसं वाहायची. १९३४ साली बंद पडली. दोन्ही इंजिनं भंगारात गेली. रुळांच्या जागी आता पायवाट आहे आणि मी राहतो तिथून ती गाडीने अर्ध्या तासावर आहे.

हेच इंजिन का, तर मी बार्शीचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप म्हणजे आमच्या बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता. १८९७ साली कुर्डुवाडी–बार्शी लाइन त्याने सुरू केली. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे दर यार्डाला (तीन फुटांना) तीस पौंडांचा हलका रूळ पुरतो आणि त्यावर लांबलचक, ऐसपैस डबे चालवता येतात, हे त्याचं गणित. बार्शीला ते पटवून दिल्यावर तो मॅनिफोल्डचा इंजिनिअर झाला. इंग्लंडातल्या या दरीत माझ्या गावाकडचं गणित रुळांवर उतरलं होतं, हे इथे आल्यावर कळलं आणि तेव्हापासून हे इंजिन डोक्यातून जात नाही.

प्रमाण फुटाला १८ मिलिमीटर. अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, त्यात नेमकं ४५ मिलिमीटर भरतं, म्हणजे गेज-वनच्या तयार रुळांवर ते धावेल आणि मापात कुठेही ओढाताण करावी लागणार नाही.

२२ सप्टेंबर २०२४

या आकाराची बहुतेक इंजिनं ब्युटेन गॅसवर नाहीतर स्पिरिटच्या वातींवर चालतात. त्यात वाईट काही नाही. गॅस पेटवला, झडप लावली की अर्धा तास निश्चिंती. पण वाफेचं इंजिन चालवणं म्हणजे निम्मं काम आग राखण्याचं, आणि ते निम्मं काम मला हवं आहे. म्हणून कोळसा.

आज कागदावर जाळीचं, म्हणजे जिच्यावर कोळसा जळतो तिचं, माप ठरवलं : ३८ मिलिमीटर रुंद, ६२ मिलिमीटर लांब. आगकाडीच्या पेटीएवढी म्हणायला हरकत नाही.

आकार सतरापट लहान केला की जाळीचं क्षेत्रफळ २८९ पट कमी होतं आणि आगीचं आकारमान ४,९१३ पट. म्हणजे आगीच्या प्रत्येक कणाच्या वाट्याला उष्णता गमावणारा पृष्ठभाग सतरापट जास्त येतो. शिवाय फायरबॉक्सच्या भिंतींपलीकडे पाणी आहे. साठ पौंड दाबाला ते साधारण १५२ अंशांवर उकळतं, त्यामुळे तांब्याची भिंत त्याच्याच आसपास राहते. त्या भिंतीला टेकलेला निखारा काळा पडतो. मोठ्या इंजिनात ही काळी कड कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्याकडे चहूबाजूंनी पाच-पाच मिलिमीटर कड मेली तर उरते २८ बाय ५२, म्हणजे जाळीचा जेमतेम साठ टक्के भाग. आग तेवढ्यातच राखायची आहे. आणि कोळसा तर लहान होत नाही. त्याला पेटायला लागणारं तापमान आणि हवा तीच, एका किलोला दहा-अकरा किलो हवा.

५ ऑक्टोबर २०२४

आगीचे गरम वायू बॉयलरच्या पाण्यातून धुराड्याकडे नेणाऱ्या नळ्यांचं माप. केलर यांचा जुना ठोकताळा असा : नळीची लांबी (इंचांत) भागिले आतल्या व्यासाचा वर्ग, हे उत्तर ५० ते ७० च्या दरम्यान यावं. कमी आलं तर गरम वायू उष्णता न देताच धुराड्यातून निघून जातात. जास्त आलं तर नळी ओढत नाही आणि काजळीने बुजते. माझी लांबी सहा इंच. ५/१६ इंची पातळ नळी घेतली तर उत्तर ८० च्या वर जातं. ३/८ इंची घेतली तर ५९. म्हणून ३/८ च्या सात, आणि सुपरहीटरसाठी (वाफ आणखी तापवण्यासाठी) एक १६ मिलिमीटरची. नळ्यांची संख्या वाढवून त्या बारीक करण्याचा मोह होतो, कारण कागदावर तापणारा पृष्ठभाग वाढलेला दिसतो. पण बारीक नळी पहिल्या दहा मिनिटांत राखेने भरते. मोठ्या आणि मोजक्या बऱ्या.

२० ऑक्टोबर २०२४

फायरबॉक्सच्या पत्र्यांना लाकडी साच्यावर ठोकून कडा वळवल्या. तांबं ठोकलं की ताठरतं, म्हणून दर दोन-तीन कडांनंतर लाल करून पाण्यात टाकायचं आणि पुन्हा मऊ झालेलं हातात घ्यायचं. घाई करण्यासारखं काम नाही.

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळीचा फराळ आटोपून गॅरेजमध्ये. फायरबॉक्स आणि नळ्या एकत्र जोडल्या. ५५ टक्के चांदीचं सोल्डर, ते ६३० ते ६६० अंशांत वितळतं. मोठा प्रोपेन बर्नर, भोवती विटांची भिंत. तांबं मंद लाल झालं, फ्लक्स पाण्यासारखा पारदर्शक झाला, आणि कांडी टेकवल्याबरोबर चांदी नळीच्या भोवती सरसर फिरून सांध्यात आत ओढली गेली. तो क्षण पाहण्यासाठी हे सगळं करावं. आठही नळ्यांभोवती अखंड चकचकीत कडं आलं आहे. रात्रभर सायट्रिक आम्लात ठेवलं.

१ डिसेंबर २०२४

बॉयलर पुरा झाला. दाबाची पहिली चाचणी : पूर्ण पाणी भरून, हवा काढून, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे १२० पौंडांपर्यंत. पाणी दाबलं जात नसल्याने काही सुटलं तरी स्फोट होत नाही, म्हणून चाचणी नेहमी पाण्याने. काटा हलला नाही. क्लबच्या तपासनीसांनी भिंगातून एकेक सांधा पाहिला. बॉयलरची धारणा ०.४ लिटर, दाब ४ बार, गुणाकार १.६ बार-लिटर. तीन बार-लिटरच्या आतले बॉयलर इथल्या नियमांत सोप्या वर्गात मोडतात, पण तपासणी मी पूर्ण करून घेतली. चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर राहणारं भांडं आहे हे.

१५ डिसेंबर २०२४

कोळशाचं पाहायला हवं. छोट्या इंजिनांसाठी वेल्श स्टीम कोल सगळ्यांत चांगला : उडणारे वायू कमी, म्हणून धूर आणि काजळी कमी, तरीही पेटायला अँथ्रासाइटइतका हट्टी नाही. मर्थर टिडफिलजवळची फॉस-ई-फ्रान ही उघडी खाण २०२३ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली आणि इथल्या वारसा रेल्वेंचा जवळचा, हक्काचा पुरवठा संपला. त्या आता परदेशी कोळसा आणि दाबून केलेल्या गोळ्यांवर प्रयोग करताहेत. मला लागणार तो मुठीने मोजावा इतकाच. क्लबातल्या एका जुन्या सभासदांनी शेडमध्ये जपलेल्या पोत्यातून बादलीभर दिला. आयुष्यभर पुरेल.

तो फोडून चाळला. सहा मिलिमीटरच्या चाळणीतून पडेल आणि तीनच्या चाळणीवर राहील तेवढाच घ्यायचा. मग धुवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि वर्तमानपत्रावर पसरून वाळवायचा. भुकटी राहिली तर ती खड्यांमधल्या फटी बुजवते आणि हवा अडते.

१९ जानेवारी २०२५

मामांना फोन केला. मामा कुर्डुवाडीच्या शेडमध्ये आगवाला म्हणून लागले आणि फायरमन होऊन बरीच वर्षं बार्शी लाइटवर होते. जाळीचं माप सांगितल्यावर क्षणभर बोलले नाहीत. मग म्हणाले, “आरं, एवढ्यात बेलचा कसा घालणार तू?”

“चमचा केलाय मामा. पातं अकरा मिलिमीटर.”

“मग एक ध्यानात ठेव. थोडं थोडं टाकायचं, पण सारखं टाकायचं. आन् थर पातळ ठेव. पातळ थर, पांढरी आग. कोपरे भरलेले पाहिजेत, मध्ये ढीग नको.”

फोन ठेवल्यावर तसंच वहीत उतरवलं.

९ फेब्रुवारी २०२५

पहिली आग. चाकं अधांतरी ठेवून, स्टँडवर.

पाणी पावसाचं, बागेतल्या पिंपातलं. इकडची दरी सगळी चुनखडीची, नळाच्या पाण्याने महिन्याभरात आत पांढरा थर बसेल. किटलीत गरम करून भरलं. जाळीवर रॉकेलमध्ये भिजवलेल्या लोणारी कोळशाचे तुकडे, धुराड्यावर बॅटरीचा छोटा ओढपंखा. काडी लावली, पंखा सुरू केला. पोरपणी शेगडी पेटवताना आजी सुपाने वारा घालायची. इथे वारा वरून ओढायचा, एवढाच फरक. लोणारी लाल झाल्यावर वर स्टीम कोळशाचे खडे, चमच्या-चमच्याने. दहा पौंड दाब आल्यावर ओढपंखा काढला आणि इंजिनाचा स्वतःचा ब्लोअर उघडला. धुराड्याच्या तळाशी ०.६ मिलिमीटरचं भोक, त्यातून वाफेची बारीक धार वर जाते आणि धुराला सोबत ओढते.

काटा २५ पौंडांवर पोचला आणि तिथेच थबकला. ब्लोअर पूर्ण उघडूनही आग तांबूसच, पांढरी व्हायला तयार नाही.

१६ फेब्रुवारी २०२५

ओढ कुठेतरी गळते आहे. धूरपेटीत, म्हणजे बॉयलरपुढच्या, धुराड्याखालच्या पेटीत, जी थोडीशी पोकळी तयार होते तिच्या जोरावरच खालून जाळीतून हवा येते. बाजूने हवा शिरली तर जाळीतून कोण खेचणार?

इंजिन थंड असताना धुराड्यावर पंखा लावला आणि पेटती उदबत्ती धूरपेटीच्या सांध्यांवरून सावकाश फिरवली. दरवाजाच्या कडेला धूर सरळ वर. पुढच्या रिव्हेटांवर सरळ वर. खाली, वाफेचा नळ जिथे धूरपेटीच्या तळातून आत येतो तिथे आल्याबरोबर धुराची रेघ वळली आणि नळाभोवतीच्या फटीत सुळकन शिरली. केसाएवढी फट. दुसऱ्या बाजूच्या नळालाही तेच. दोन्हीकडे भट्टीचं सिमेंट भरलं. धूरपेटी जोडणाऱ्या प्रत्येकाने ही उदबत्ती फिरवावी असं मी म्हणेन. दाबमापक वापरूनही जे सापडत नाही ते तिने दोन मिनिटांत दाखवलं.

२३ फेब्रुवारी २०२५

साठ पौंड! सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उडाला. काडी लावल्यापासून बारा-तेरा मिनिटं. आग मध्यभागी पांढरी, कडेने नारिंगी, आणि अगदी भिंतीलगत ती काळी कड. कागदावर मोजली होती तेवढीच.

१६ मार्च २०२५

नुसती वाफ धरणं आणि चालत्या इंजिनाला वाफ पुरवणं यांत मोठं अंतर आहे. आज रुळांवर, मागे दोन डबे. मामांच्या सांगण्याप्रमाणे थर पातळ ठेवला, दहा-बारा मिलिमीटर. इंजिन छान निघालं, दुसऱ्या फेरीत दाब घसरला. फायरडोअर उघडून पाहिलं तर आगीत दोन भोकं आणि त्यांच्या भोवतीचे निखारे विझलेले.

घरी येऊन विचार केला. मोठ्या इंजिनात सहा-आठ इंचांचा थर पातळ समजतात. त्यात कोळशाचे कित्येक तुकडे एकावर एक असतात. हवा त्यांच्यामधून वाट काढत, तापत, जळत वर येते. तोच थर सतरापट लहान केला की होतो साधारण दहा मिलिमीटर. माझा खडा पाच मिलिमीटरचा. म्हणजे उंचीत दोन खडे. हवा त्यांच्यामधून न तापताच निघून जाते आणि जाता जाता खडे उचलते. खडे आणखी बारीक केले तर फटी बुजतात. तेव्हा थरच जाड हवा.

२३ मार्च २०२५

थर २५ मिलिमीटरपर्यंत चढवला, जवळजवळ फायरडोअरच्या खालच्या ओठापर्यंत. पेटायला वेळ लागतो, पण एकदा पेटला की दम धरतो. थांबल्यावरही आग दोन-तीन मिनिटं तग धरते. पातळ थर तीस सेकंदांत काळा पडायचा. कोपरे भरलेले ठेवण्याचं मामांचं म्हणणं मात्र इथे दुप्पट खरं. कोपऱ्यातून थंड हवा वर चढली की नळ्यांच्या तोंडाशी जळणारे वायू विझतात आणि नळीत काजळी धरते.

मामांना फोन करून सांगितलं. “थोडं थोडं, सारखं” तसंच राहिलं, “पातळ” तेवढं गेलं. त्यावर ते म्हणाले, “चालतंय की. जी आग ऐकंल तशी ठेवायची.” मग त्यांनीच विचारलं, राख किती पडते, खंगर (वितळून घट्ट झालेली राख) धरतं का, दार किती वेळ उघडं ठेवतोस. पाऊण तास बोललो.

६ एप्रिल २०२५

धुराड्याखालची तोटी. वापरलेली वाफ तिच्यातून वर उसळते आणि प्रत्येक फुसकाऱ्यासरशी आगीला ओढते. भोक लहान तर ओढ जोरकस, पण सिलिंडरवर मागचा दाब. मोठं तर इंजिन मोकळं धावतं आणि आग उपाशी. सिलिंडरच्या व्यासाच्या सातव्या हिश्शाचा ठोकताळा आहे. माझा सिलिंडर १६ मिलिमीटर, म्हणजे २.३ च्या आसपास. भोक वाढवता येतं, बुजवता येत नाही, म्हणून सुरुवात मुद्दाम २.० पासून केली होती. २.० ला धुराड्यातून लाल ठिणग्या आणि न जळलेले खडे बाहेर. २.१ ला ठिणग्या कमी. २.२ ला आवाज बदलला, कोरडा आणि तुटक झाला, काटा चालत्या इंजिनात ५० च्या वर राहिला. २.३ करून पाहायची गरज वाटली नाही.

तोटीपासून धुराड्यापर्यंतची उंचीही जुन्या प्रमाणाने जुळवली : धुराड्याच्या वरच्या तोंडापर्यंत वाफेचा शंकू एकास सहा या उताराने पसरतो असं धरायचं आणि तो तिथे भिंतीला टेकला पाहिजे. तोटीचं टोक धुराड्याच्या मध्यावर आहे का हे पाहायला सरळ सळई वरून सोडली. अर्धा मिलिमीटर डावीकडे होतं. सरळ केलं.

२० एप्रिल २०२५

पावसाचा दिवस, काम नाही. शंभर वर्षांपूर्वीचा तो वाद पुन्हा चाळला. १९२०च्या दशकात मोठमोठी मंडळी म्हणत की छोट्या इंजिनाला स्पिरिटचाच दिवा लावावा, खऱ्या रचनेचा कोळशाचा बॉयलर इतक्या लहान आकारात वाफ धरणार नाही. ‘एल.बी.एस.सी.’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या कारागिराने अडीच इंची गेजचं ‘आयेशा’ हे ४-४-२ इंजिन बांधून, कोळशावर चालवून, त्यामागे जिवंत माणूस बसवून ओढून दाखवला. १९२४ च्या सुमाराचा हा ‘बॉयलरांचा सामना’. अडीच इंच म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिमीटर. मी पंचेचाळीसवर आहे. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. आज आपण ज्या मापांवर निर्धास्त विसंबतो त्यांतली कितीतरी त्याने आणि त्याच्यासारख्यांनी एकेक आग पेटवून मिळवली.

१८ मे २०२५

पाण्याचा हिशेब. चालताना मिनिटाला नऊ-दहा मिलिलिटर पाण्याची वाफ होते. आसावरचा पंप चाकांबरोबर सतत पाणी ढकलतो. बायपास व्हॉल्व्ह उघडून त्यातलं किती टाकीत परत पाठवायचं ते ठरवायचं. थंड पाणी एकदम गेलं की दाब पडतो, म्हणून आग पांढरी असेल तेव्हाच बायपास बंद. गेज ग्लासची (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची) नळी बारीक असल्याने पाणी कडेने थोडं चढलेलं दिसतं. खरी पातळी दिसते त्याहून दोन मिलिमीटर खाली धरतो. फायरबॉक्सचं छत पाण्याखाली राहिलंच पाहिजे.

६ जुलै २०२५

आषाढी एकादशी. घरी साबुदाण्याची खिचडी, मग सगळे क्लबच्या मैदानावर. बार्शी लाइट १९०६ साली पंढरपूरला पोचली आणि पुढे कित्येक आषाढ्यांना वारकऱ्यांनी भरभरून धावली. आजचा दिवस म्हणूनच निवडला होता.

मागे पिवळसर रंगाचे मॅनिफोल्डचे तीन डबे आणि दुधाच्या दोन वाघिणी. दर दोन फेऱ्यांना थांबा : आधी ब्लोअर थोडा उघडायचा, मगच फायरडोअर, नाहीतर ज्योत कॅबमध्ये येते. चार चमचे कोळसा, दोन मागच्या कोपऱ्यांत, एक पुढे, एक जिथे आग जास्त पांढरी दिसेल तिथे. दार बंद. पाण्यावर नजर, काट्यावर नजर, निघायचं. एका आगीवर चाळीस मिनिटांहून जास्त चाललं आणि काटा ४५ च्या खाली आला नाही. मुलीने शेवटच्या फेऱ्यांत चमचा हातात घेतला. न सांगता कोपरे आधी भरले.

मामा व्हिडिओवर पाहत होते. आवाज नीट ऐकू यावा म्हणून फोन धुराड्याजवळ धरायला लावला. तोटीच्या आवाजावरून म्हणाले, “डावीकडचा व्हॉल्व्ह जरा मागं आहे. चार फुसकाऱ्यांत एक हलका येतोय.”

१३ जुलै २०२५

डाव्या व्हॉल्व्हची मांडणी उघडली. झडप पाव मिलिमीटर मागे होती. दुरुस्त केली, चारही फुसकारे आता सारखे.

जाळी काढून पाहिली. फटींमध्ये खंगर धरलं आहे, मागच्या बाजूला जास्त. चाळीस मिनिटांपुढे जायचं तर तिथूनच हवा अडणार. सध्या पट्ट्या दोन मिलिमीटरच्या आणि फटीही दोनच्या. नव्या जाळीला फटी अडीचच्या ठेवतोय आणि पट्ट्यांच्या खालच्या कडा निमुळत्या करतोय, म्हणजे वरून शिरलेली राख अडकून न राहता राखपेटीत पडेल. स्टेनलेसच्या पट्ट्या कापून झाल्या आहेत, कानशीने घासायच्या बाकी.